एक साडी तुझी

चिकपेटच्या मेट्रो स्टेशनातून वर आलं की आपण कुठे आलो ते आधी नाकाला कळतं. नव्या कापडाची खळ, उदबत्ती, कुठल्याशा दुकानात उकळणारी कॉफी, आणि या सगळ्याच्या खाली तो वास, कोऱ्या रेशमाचा. किंचित आंबूस, किंचित गोडसर, पावसाळ्यात बंद पेटी उघडल्यावर येतो तसा. बेंगळुरू इतकं बदललं आहे की मागे राजाजीनगरात मी माझीच जुनी गल्ली दोनदा चुकले. या वासाला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.

भाचीच्या लग्नासाठी घेतलेल्या साडीला कुच्चू लावून घ्यायला मी गेले होते. कुच्चू म्हणजे पदराच्या दशांना गाठी मारून केलेले गोंडे. आमच्या निपाणीला दशा जराशा वळून गाठ मारली की काम झालं. इथल्या बायकांना ते चालत नाही. त्यांच्या लेखी कुच्चूशिवाय रेशमी साडी म्हणजे अर्धवट शिवलेलं पोलकं. दुकानाच्या पायरीशी माझ्याच वयाची एक बाई मांडीवर पदर पसरून बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "यावाग बेकु?" कधी हवी आहे. घाई नाही, म्हटलं, आणि तिच्या बोटांकडे बघत उभी राहिले. धाग्याचे दोन पदर वळायचे, एकमेकांवर सोडायचे, ओल्या बोटाने गाठ सरकवायची. तिच्या तर्जनीवर धाग्याने कापून कापून पांढरी रेघ उमटली होती. तशीच एक रेघ माझ्या बोटावरही आहे, आता जरा पुसट झालेली.

तीन वर्षं मी याच गल्लीतल्या साड्यांना कुच्चू बांधले आणि त्यावर बी.एस्सी. झाले. झाले म्हणते खरी, पण मला बी.एस्सी. केलं ते सरोजाआत्याने.

सरोजाआत्या माझ्या वडिलांची चुलतबहीण. तिच्या आजोबांच्या वेळेपासून ते लोक बेंगळुरूचे. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं, की पहिला महिनाभर मला तिचं अर्धंच बोलणं समजायचं. शेजारीपाजारी तिला सरोजक्का म्हणत. आतोबा मी यायच्या आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. राजाजीनगरात दोन खोल्यांचं घर आणि चिकपेटच्या एका दुकानाचं कुच्चूचं काम, एवढा तिचा संसार. मला तिथे सोडायला अप्पा आले तेव्हा त्यांनी दारातच सांगून टाकलं, "फी मी भरतो. पुस्तकं, बस, हातखर्च तुझं तू बघ. आणि ज्या दिवशी आत्याला भार झालीस, त्या दिवशी गाडी धरायची. पुन्हा शिक्षणाचं नाव काढायचं नाही." अप्पांची पिठाची गिरणी होती. बोलणंही तसंच, भरड. निपाणीला एक स्थळ माझी वाट बघत बसलं होतं, त्यामुळे गाडी धरायची म्हणजे कशासाठी, ते मला नीट कळत होतं.

आत्याने अप्पांना चहा दिला आणि ते गेल्यावर माझ्यापुढे रेशमाची एक लडी ठेवली. "सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक, "आता तुझं कॉलेज बांधू या."

हिशेब म्हटला की माणसं वही काढतात, आकडे मांडतात. आत्या सातवीत शाळा सोडलेली, तिचे हिशेब साड्यांत चालत. महिन्याला माझ्या वाट्याला सोळा साड्या यायच्या. त्या ती चटईवर ओळीने मांडायची आणि एकेकीवर हात ठेवून सांगायची. या पाच तुझ्या बसच्या पासच्या. या सात पुस्तकांच्या. या तीन जर्नल, वह्या, प्रयोगशाळेत फुटेल त्या काचेच्या. मग सोळावी उचलून माझ्या मांडीवर ठेवायची. "आणि ही एक साडी तुझी."

माझी म्हणजे काय, ते मला पहिल्या महिन्यात उमगलंच नाही. त्या साडीच्या मजुरीचे पैसे मी रुमालात बांधून ठेवले आणि महिनाअखेरीला मोठ्या ऐटीत तिच्यापुढे धरले. बघ, किती काटकसरीची पोर आहे. आत्याचा चेहरा उतरला. "हे काय? उरवलेस?"

"खर्चच नाही झाले."

"मग पुढच्या महिन्यात दोन साड्या तुझ्या. ही शिक्षा तुला," ती म्हणाली. "बसचं वाचलं तर मला सांग. पुस्तकाचं वाचलं तरी सांग. पण हातखर्च हातातून गेलाच पाहिजे. कशावर गेला ते मी विचारणार नाही, तूही सांगू नको."

मी मग एक सुधारित चलाखी केली. माझ्या साडीच्या पैशातून वही आणली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं दोन दिवस ती वही लपवत फिरले. आत्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "ही वही जर्नलच्या साड्यांतली," ती म्हणाली. "स्वतःच्याच घरात चोरी करतेस गे तू." आणि तिने खरोखर वहीचे पैसे जर्नलमधून काढून माझ्या हातावर ठेवले.

अशी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. तिने मला अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवलं, पण पाय आखडून झोपू मात्र कधी दिलं नाही. माझ्या साडीतून मी काय काय आणलं असेल? काचेच्या हिरव्या बांगड्या. मॅजेस्टिक बसस्टँडजवळ उभ्याने खाल्लेला मसाला डोसा, तोही एकटीने, कुणाशी वाटून न घेता. एक लिपस्टिक, जी लावायचं धाडस मला तिन्ही वर्षांत झालं नाही, पण जी दप्तरात आहे या विचारानेच मी वर्गात जरा ताठ बसायचे. एकदा नुसतीच बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन आले. होसकोटेपर्यंत. बघायला काही नव्हतं तिथे. कारखान्यांच्या भिंती, चिंचेची झाडं, एक चहावाला. पण त्या दिवशी मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि घरी परतले तेव्हा आत्याने फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्या घरातले ऋतू मला साड्यांच्या रंगांनी आठवतात. वरमहालक्ष्मीच्या सणाआधीचा महिना हिरव्या-लाल काठांचा. तेव्हा काम इतकं यायचं की चटई दिसायची नाही, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजं सुरू झालेली असायची. शनिवारी आम्ही दोघी गाठोडी घेऊन चिकपेटला जायचो. तयार साड्या द्यायच्या, मजुरी घ्यायची आणि तशाच गल्ली ओलांडून अव्हेन्यू रोडला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. आत्याला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. पण पुस्तक उलटंपालटं करून, शिवण बोटाने चाचपून ती सांगायची, हे तीन वर्षं टिकेल, हे दिवाळीतच सुटं होईल. दुकानदार बिचारे तिला प्राध्यापक समजून वचकून असत. एकदा सेंद्रिय रसायनाच्या जाड पुस्तकावरून घासाघीस चालली होती. "स्वल्प कमी करा," आत्या म्हणाली, "आधीच्या पोराने यात पेन्सिलीने घाणेरडं लिहून ठेवलंय." ती त्या पोराने सोडवलेली समीकरणं होती, आणि त्यांच्यामुळेच मी पुढे पास झाले. घरी आल्यावर पुस्तक देवापुढे ठेवून ती म्हणायची, "जांभळी आली बघ, जांभळी." म्हणजे ज्या जांभळ्या साडीच्या पैशातून ते आलं, ती. माझी सगळी पुस्तकं त्या घरात रंगांच्या नावाने ओळखली जायची. भौतिकशास्त्र मोरपंखी होतं. गणित राणी रंगाचं. आजही मला गणित म्हटलं की राणी रंगच दिसतो.

मग थंडी. त्या दिवसांत गल्लीभर अवरेकाळूचा वास असायचा. आपल्याकडच्या पावट्याचाच हा भाऊबंद, पण इथल्या लोकांचा त्याच्यावर भलता जीव. संध्याकाळी आत्या दाराशी बसून दाणे सोलायची आणि मी शेजारी बसून गाठी मारायचे. तेलकट हात रेशमाला लागू नये म्हणून तेवढा वेळ ती साडीला शिवायची नाही. मी चुकले की तोंडानेच सांगायची. सैल झाली. ओढ. तिची नजर सोलपटांवर असायची, तरी गाठीच्या आवाजावरून तिला कळायचं. रेशमाची गाठ नीट बसली की बारीकसा कुरकुर आवाज येतो, हे मला ती सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी, लग्नसराईत, माझ्या हातून ती साडी बिघडली.

दुकानातून साडी आली की आत्या पदराच्या टोकाला हळदीत बुडवलेला सुती दोरा बांधायची. पदराकडे कुच्चू करायचे. दुसरं टोक, जिथे ब्लाउजपीस असतो, तिथल्या मोकळ्या दशा कात्रीने सरळ कापून दुमडून टाकायच्या. बहुतेक साड्यांचा पदर आंधळ्यालाही कळतो. पण काही नवऱ्या मुलींच्या साड्यांच्या ब्लाउजपीसवरही पदराइतकंच जरीचं काम असतं, आणि अशा साड्यांसाठीच हा दोरा. अभ्यास करता करता गाठी मारायच्या म्हणून त्या दिवशी मांडीवर साडी आणि समोर मोरपंखी भौतिकशास्त्र, अशी मी बसले होते. उठताना पुस्तकात खूण घालायला काही मिळेना. हाताशी होता तो पिवळा दोरा मी सोडला, पानात घातला आणि जेवायला गेले. परत येऊन कात्री घेतली आणि ब्लाउजपीसचं टोक समजून पदराच्या दशा मुळापासून सरळ कापून काढल्या. पूर्ण रुंदीच्या. फार सुबक कापल्या होत्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कळलं तेव्हा घरात मी एकटीच होते. आत्या शेजारी गेली होती. ती यायच्या आत मी माझी पिशवी भरायला घेतली. अप्पांची अट मला पाठ होती. भार होणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आत्या आली. साडी बघितली, पिशवी बघितली. पदराची कापलेली कड डोळ्यांजवळ धरून बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग साडी घडी करून म्हणाली, "पिशवी असू दे तिथं. चल, उन्हं आहेत तोवर जाऊन येऊ."

चिकपेटला दुकानदाराने साडी उलगडली. तो कन्नडमध्ये बोलायचा, शांतपणे, आणि त्या शांतपणाचीच भीती वाटायची. "अक्का, हे कुणी कापलं?"

मी तोंड उघडणार तोच आत्या म्हणाली, "माझ्या घरात कापलं गेलं, अण्णा. कुठल्या हाताने ते राहू दे. नुकसान सांगा."

पदराला वेगळे गोंडे जोडून साडी कमी किमतीत विकावी लागणार होती. तुटीपोटी चोवीस साड्या बिनमजुरीने बांधून द्यायचं ठरलं. त्याने काम बंद केलं नाही, एवढ्यावर मी देवाचे आभार मानले. परतीच्या वाटेवर आत्या म्हणाली, "निम्म्या माझ्या. दोरा सुटलेला मलाही दिसायला हवा होता." मी नाही म्हटलं. रस्त्यातच थांबून नाही म्हटलं. बारा साड्यांचा भार तिने उचलला तर माझा मुक्काम तिथेच संपत होता. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "सरी. सगळ्या तुझ्या."

घरी आल्यावर तिने नेहमीसारख्या सोळा साड्या चटईवर मांडल्या. त्यातल्या बारा बाजूला सारल्या. अशा दोन महिने बारा-बारा जायच्या होत्या. उरल्या चार. ती त्या चार साड्यांसमोर मांडी घालून बसली आणि मी तिच्यासमोर.

"पुस्तकं नाहीत. कॉलेजच्या वाचनालयात बसून वाच. पास नाही. सकाळी तिकीट काढून जा, येताना चालत ये. या दोन बसच्या." दोन सरकल्या. "ही जर्नलची." तिसरी सरकली. मग चौथी तिने उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आणि ही एक साडी तुझी."

मला रडू आलं. "आत्या, ही तरी राहू दे. दोन महिने मला काही नको. ही पासला लाव, पाय दुखायचे नाहीत."

"नाही."

"का पण?"

ती उठून कॉफीचं पाणी ठेवायला गेली आणि पाठमोरीच बोलली. "मला शाळेला बसचे पैसे मिळायचे. पुस्तकांना मिळायचे. तिसऱ्या कशाला मिळायचे नाहीत. शाळेबाहेर चुरमुरीवाला बसायचा. कांदा, ओलं खोबरं, कैरी. मी बसचे पैसे त्याला द्यायचे आणि चालत घरी यायचे. दोन वर्षं चाललं ते. एक दिवस बाबांनी रस्त्यात पाहिलं. म्हणाले, पोरगी खोटं बोलायला लागली, शाळा बास." पाणी उकळायला लागलं होतं. "चुरमुरीपायी शाळा गेली गे माझी. जिला स्वतःचं काही मिळत नाही, ती दुसरीकडचं ओढते. मग ते उसवतंच."

एवढंच. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. मी पिशवीतले कपडे परत खुंटीला लावले. मला आजवर खर्चाबद्दल पुष्कळांनी पुष्कळ शिकवलं, बँकेतल्यांनी, ऑफिसातल्यांनी, नवऱ्यानेही. त्या चार साड्यांइतकं शहाणं कुणी काही मांडलेलं मला आठवत नाही.

चिकपेटहून काल मी थेट तिच्याकडे गेले. आता तिचं वय झालं आहे, मोतीबिंदू काढला तरी बारीक दिसत नाही. दुकानातल्या बाईने नमुना म्हणून दिलेला कुच्चूचा तुकडा मी तिच्या हातात ठेवला. तिने बोटांनी चाचपला. "दुसरी गाठ पळवलीय," म्हणाली. "घाईत होती बाई." मग माझ्या पगाराची, मुलाच्या फीची चौकशी केली, आणि मुलाला हातखर्च देतेस ना, हे दोनदा विचारलं. त्या महिन्यात माझी साडी कशावर गेली, ते मात्र तिने तेव्हा विचारलं नाही आणि इतक्या वर्षांत कधीच विचारलं नाही. तिला अजून माहीत नाही.

त्या महिन्यातला एक रविवार होता. सकाळची वेळ, रविवारी एस.टी.डी.चा दर कमी असायचा. कोपऱ्यावरच्या काचेच्या बूथमध्ये मी शिरले. आमच्या घरी फोन नव्हता. गिरणीशेजारच्या किराणा दुकानात होता. पहिला फोन लावून सांगितलं, अप्पांना बोलवा, दहा मिनिटांनी पुन्हा करते. ती दहा मिनिटं मी बाहेर रस्त्यावर येरझाऱ्या घालत काढली. न सांगता भागलं असतं. आत्याने सांगितलं नसतंच. पण अप्पांनी अट माझ्या तोंडावर घातली होती, आणि ती मोडली की नाही हे मला माझ्या तोंडाने सांगायचं होतं.

दुसऱ्यांदा लावला तेव्हा अप्पाच होते. धावत आल्यासारखा श्वास लागला होता. "काय गं, काय झालं?"

मी सगळं एका दमात सांगितलं. दोरा, कात्री, नवऱ्या मुलीची साडी, चोवीस साड्या, महिन्याला हाती उरलेल्या चार. संध्याकाळी चालत येते, पुस्तकं वाचनालयात वाचते. आत्या निम्म्या घेत होती, मी घेऊ दिल्या नाहीत. "अप्पा, नुकसान झालं. पण भार नाही झाले. माझं मीच भरून देतेय."

पलीकडे लांब कुठेतरी गिरणीचा पट्टा फिरत होता. डोक्यावर मीटरचे लाल आकडे पळत होते.

"हा फोन कुणाच्या पैशानं करायलीस?" अप्पांनी विचारलं. "आत्याच्या?"

"नाही. माझ्या."

"तुझ्या कुठल्या?"

"आत्या महिन्याला एक साडी माझी म्हणून ठेवते. हातखर्चाची. या महिन्यातही ठेवली. तिच्यातून करतेय."

मी डोळे मिटून उभी होते.

"चारांतली एक ठेवली?" अप्पा हळू म्हणाले. मला विचारलं नव्हतं ते.

मग घसा खाकरला. "पेपर कधी हाईत?"

मी तारीख सांगितली.

"तोवर इकडं येऊ नकोस. अभ्यास कर." आणि थोडं थांबून, "ठेव आता. तुझे पैसे जायलेत."

मी लगेच ठेवला नाही. अप्पाही ठेवत नव्हते. दोघंही रिसीव्हर कानाला लावून उभे होतो, आणि मी माझे पैसे आणखी थोडे जाऊ दिले.